‘कुटुंब’ या संज्ञेचा इतिहास : चूल, वाटणी आणि शिधापत्रिका

१

जुन्या पिढीतील मराठी गृहस्थ चारचौघांत पत्नीचे नाव घेत नसत. ‘आमचे कुटुंब सध्या माहेरी आहे’ असे ते म्हणत आणि ऐकणारास त्यात काही वावगे वाटत नसे. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘कुटुंब’ या शब्दाखाली घरातील माणसांचा समुदाय आणि बायको हे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. ‘मंडळी’, ‘घर’ आणि ग्रामीण बोलींतील ‘खटले’ हे शब्दही याच रीतीने पत्नीसाठी योजले जात. समुदायाचे नाव त्यातील एका व्यक्तीला देण्याचा हा प्रकार भाषाशास्त्रज्ञाला नवा नाही. आपल्या साहित्यशास्त्राने त्याला लक्षणा म्हटले आहे. परंतु जिला ‘कुटुंब’ म्हणावयाचे तिला त्या कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा नव्हता, अन्नवस्त्रापुरता हक्क होता, ही वस्तुस्थिती या शब्दप्रयोगाशेजारी ठेवून पाहिली म्हणजे विचार करण्यास जागा निर्माण होते.

आधुनिक समाजात कुटुंब कशाला म्हणावे, हा प्रश्न बहुधा समाजशास्त्राचा किंवा कायद्याचा समजला जातो. प्रस्तुत लेखात तो एका शब्दाच्या इतिहासाच्या अंगाने तपासावयाचा आहे. मराठी समाजात कुटुंब दोन वेगवेगळ्या मापांनी मोजले गेले. एक माप चुलीचे : एका चुलीवर शिजलेले अन्न जे खातात ते एक कुटुंब. दुसरे माप वारशाचे : एका मूळ पुरुषापासून आलेल्या मिळकतीत ज्यांचा हिस्सा आहे ते एक कुटुंब. आधुनिक राज्यसंस्थेने ही दोन्ही मापे आपल्या प्रयोजनाप्रमाणे वापरली आणि पती, पत्नी व त्यांची अपत्ये हे तिसरे माप त्यांत मिळविले. या मापांच्या फटीत जी माणसे सापडली त्यांच्या हालांमध्येच या प्रश्नाचे खरे गांभीर्य आहे.

२

‘कुटुंब’ हा शब्द छांदोग्य उपनिषदात आढळतो. त्याच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. तमिळ ‘कुडि’ म्हणजे घर वा कुळ, या द्राविडी शब्दाशी त्याचा संबंध असण्याची शक्यता अनेक अभ्यासकांनी सुचविली आहे. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो त्यापासून झालेला ‘कुटुंबिन्’ हा शब्द. वाकाटक राज्ञी प्रभावतीगुप्ता हिच्या पुणे येथील ताम्रपटात दान दिलेल्या गावातील ब्राह्मणादी ‘ग्रामकुटुंबीं’ना उद्देशून आज्ञा केलेली आहे. येथे ‘कुटुंबी’ याचा अर्थ केवळ बायकामुले असलेला मनुष्य एवढाच नाही. गावात घर आणि जमीन असलेला, ज्याच्याशी राजसत्ता थेट बोलते असा कर्ता गृहस्थ, असा तो आहे. पुढे प्राकृतातून याच शब्दाचे ‘कुणबी’ हे रूप सिद्ध झाले, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे कुटुंब आणि शेत यांचा संबंध आपल्या भाषेत इतका जुना आहे की, कुटुंबवाचक शब्दापासून शेतकऱ्याचे नाव तयार झाले.

हा संबंध लक्षात घेतला म्हणजे पुढील काळातील शब्दसंपत्तीचाही उलगडा होतो. मराठी कागदपत्रांत ‘भाऊबंद’, ‘घराणे’, ‘वतन’, ‘वाटणी’ हे शब्द एका बाजूस आणि ‘चूल’, ‘बिऱ्हाड’, ‘खटले’ हे शब्द दुसऱ्या बाजूस उभे दिसतात. पहिला गट हक्काचा, दुसरा नांदण्याचा. भाऊ ‘वेगळे निघाले’ असे म्हणताना बहुधा चूल वेगळी झाल्याचे सुचविले जाते. ‘वाटण्या झाल्या’ असे म्हणताना जमीन वेगळी झाल्याचे. या दोन घटना एकाच दिवशी घडतीलच असे नाही. पुष्कळदा त्यांच्यामध्ये एक पिढी जात असे. बोलीभाषेने हा भेद नीट ओळखला होता. पुढे कायद्यासही तो ओळखावा लागला.

३

विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका चालुक्य विक्रमादित्य सहावा (१०७६ ते ११२६) याच्या काळात कल्याणीस लिहिली गेली. पुत्राला वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच स्वत्व प्राप्त होते, हा तिचा गाजलेला सिद्धांत. इंग्रजी न्यायालयांनी हा ग्रंथ प्रमाण मानला आणि त्यातून अन्न, पूजा आणि मिळकत या तिन्ही बाबतींत एकत्र असलेले ‘एकत्र कुटुंब’ ही संकल्पना घडविली. तथापि या तिन्हींचे वजन सारखे राहिले नाही. १८६६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने अप्पूवियर खटल्यात असा निर्णय दिला की, हिस्से ठरवून वेगळे होण्याचा करार झाला म्हणजे एकत्रपणा संपला. जमीन प्रत्यक्ष मोजून वाटली गेली नसली तरी चालेल. एका घरात राहणे आणि एकत्र जेवणे यांना त्यामुळे पुराव्यापुरते महत्त्व उरले. कायद्याच्या दृष्टीने कुटुंब चुलीवरून उठून दस्तऐवजात जाऊन बसले.

याचा परिणाम स्त्रीच्या स्थितीवर काय झाला, हे येथे पाहणे आवश्यक आहे. चुलीच्या मापाने ती कुटुंबाचा मध्यबिंदू होती. चूल तिची, म्हणून तर तिलाच कुटुंब म्हणत. वारशाच्या मापाने मात्र ती सहदायाद, म्हणजे जन्मतः हिस्सेदार, नव्हती. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी मानलेल्या परंपरेप्रमाणे पती आणि पुत्र यांच्यात वाटणी झाली तर पत्नीस हिस्सा मिळे. परंतु ती स्वतः वाटणी मागू शकत नसे. १९३७ च्या कायद्याने विधवेला पतीच्या हिश्शात मर्यादित हक्क मिळाला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तो मर्यादितपणा काढून टाकला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला सहदायाद केले, पण त्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. केंद्राने २००५ मध्ये हा भेद न ठेवता तोच हक्क दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मुलीला जन्मतः प्राप्त होतो, त्यासाठी २००५ मध्ये पिता हयात असण्याची आवश्यकता नाही, असे स्पष्ट केले. अशा रीतीने मुलगी सहदायाद झाली. पत्नी आजही सहदायाद नाही.

हे अपरिहार्य नव्हते, हे दाखविण्यास फार दूर जावे लागत नाही. तेरेखोल नदीपलीकडे गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली. तिच्याप्रमाणे विवाहाच्या वेळी दुसरा करार केलेला नसल्यास पती-पत्नींची मिळकत सामाईक होते आणि त्यात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा असतो. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही ही व्यवस्था पुढे चालू राहिली. नदीच्या दोन्ही तीरांवर ‘अर्धांगी’ हा शब्द सारखाच बोलला जातो. एका तीरावर तो अलंकार आहे, तर दुसऱ्या तीरावर त्याला मालमत्तेच्या कायद्याचा आधार आहे.

४

येथे एका रूढ समजुतीचा परामर्श घेतला पाहिजे. पूर्वी सर्वत्र मोठी एकत्र कुटुंबे होती, शहरे आणि गिरण्या आल्या आणि ती मोडली, अशी मांडणी आपल्याकडे वारंवार केली जाते. ‘एकत्र कुटुंब’ हा शब्दच या समजुतीला बळ देतो, कारण त्यात हक्काचे एकत्रपण आणि राहण्याचे एकत्रपण यांची सरमिसळ होते. पुण्याजवळच्या लोणी गावाचे डॉ. कोट्स यांनी केलेले वर्णन मुंबईच्या लिटररी सोसायटीने १८२३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील आकडे पाहिले तर एका कुटुंबात सरासरी पाचापेक्षा कमी माणसे भरतात. याच गावाचा डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी पुनश्च अभ्यास केला आणि तो १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. गुजरातमधील खेडा भागातील राधवणज या गावच्या १८२५ च्या नोंदींवरून अ. म. शाह यांनीही गावातील बहुसंख्य घरे लहान असल्याचे दाखविले. त्यांच्या १९७३ च्या ग्रंथाचा मुख्य मुद्दा असा की, ‘घर’ आणि ‘कुटुंब’ या दोन संकल्पना वेगळ्या ठेवल्याशिवाय भारतीय कुटुंबाच्या इतिहासाविषयी काही बोलताच येत नाही.

इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाचे वर्णन करताना एक छप्पर, एक चूल, सामाईक मिळकत, सामाईक पूजा आणि नातेसंबंध ही सर्व लक्षणे एकत्र सांगितली. याउलट ई. प. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुवा या गावाच्या अभ्यासातून १९६४ मध्ये असे प्रतिपादन केले की, कुटुंबाचे एकत्रपण निवासावरून न ठरविता परस्परांच्या कर्तव्यसंबंधांवरून ठरविले पाहिजे. या दोन्ही भूमिकांमागे अनुभवाचा भक्कम आधार आहे. त्यांतील अंतर हे वस्तुतः चूल आणि नाते यांतील अंतर आहे.

मुंबईच्या गिरणगावात हे अंतर उघड्यावर आले. १९११, १९२१ आणि १९३१ या तिन्ही जनगणनांत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सहाशेच्या खाली होती. कोकणातील आणि घाटावरील पुरुष गिरणीत, बायकामुले गावी, मध्ये मनिऑर्डर, अशी ही रचना होती. चाकरमानी गाववाल्यांसह एका खोलीत राहत, पाळीपाळीने झोपत आणि एखाद्या बाईच्या खाणावळीत जेवत. तो ज्यांच्याबरोबर जेवत असे ते त्याचे कुटुंब नव्हते आणि जे त्याचे कुटुंब होते त्यांच्याबरोबर तो वर्षातून गणपतीला किंवा शिमग्याला जेवत असे. चुलीचे माप लावले तर खाणावळ हेच त्याचे घर ठरते; खाणावळवालीचे उधारीचे खाते पाहिले तर ते फारसे खोटेही नव्हते. पुष्कळदा तिच्या स्वतःच्या संसाराला पुरुषाच्या मिळकतीचा आधार नसे. अशा स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

५

स्वातंत्र्योत्तर राज्यसंस्थेने कुटुंबाची व्याख्या एकदा केली नाही, अनेकदा केली. १९५१ च्या जनगणनेपासून कुटुंब म्हणजे एकत्र राहून एका स्वयंपाकघरातील अन्न खाणारा समूह, असे धोरण राहिले आहे. त्यांचे रक्ताचे नाते असलेच पाहिजे असे नाही आणि एकटा राहणारा मनुष्यही एक कुटुंब ठरतो. या मापाने २०११ मध्ये भारतातील कुटुंबाचा सरासरी आकार सुमारे ४.९ होता. आयकर कायद्याने ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ ही स्वतंत्र करदाती व्यक्ती मानली. महाराष्ट्राच्या १९६१ च्या शेतजमीन कमाल धारणा कायद्यात दुरुस्ती होऊन २ ऑक्टोबर १९७५ पासून ‘कुटुंब घटक’ ही संज्ञा अमलात आली. तिच्यात पती, पत्नी, अज्ञान मुलगे आणि अज्ञान अविवाहित मुली एवढेच येतात. कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ पासून सुरू झाला. र. धों. कर्वे यांनी १९२१ पासून ज्या कार्याला ‘संततिनियमन’ म्हटले त्याला हे नवे नाव मिळाल्याने कुटुंब म्हणजे दांपत्य आणि त्याची अपत्ये हा अर्थ सरकारी भिंतीपत्रकांतून घरोघर पोहोचला. २००५ च्या लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाच्या नियमांनी तर शासकीय नोकरीच्या पात्रतेसाठी दोन अपत्यांची मर्यादा घालून त्याला निश्चित आकडा दिला.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातील एका घरात वृद्ध विधवा आई आहे. थोरला मुलगा, त्याची पत्नी आणि त्यांची दोन अज्ञान मुले तिच्याबरोबर जेवतात. त्यांचा सज्ञान मुलगा पुण्यात नोकरीस असून तेथे एकटा खोली घेऊन राहतो. धाकटा भाऊ, त्याची पत्नी आणि लहान मुलगी याच वाड्यात राहतात, पण त्यांची चूल वेगळी आहे. नवऱ्याने टाकलेली बहीण थोरल्या भावाकडे जेवते. वडिलार्जित जमीन वाटलेली नाही.

जनगणनेच्या हिशेबात येथे तीन कुटुंबे आहेत, कारण पुण्याचा मुलगा हे तिसरे कुटुंब होय. एकत्र कुटुंबाच्या कायद्यात हे सर्व मिळून एकच कुटुंब आहे. त्यात दोन भाऊ, बहीण आणि भावांची मुले-मुली सहदायाद आहेत. आई आणि दोन्ही सुना सभासद असूनही सहदायाद नाहीत. कमाल धारणा कायद्याच्या मापाने दोन भावांचे दोन घटक होतात आणि आई, बहीण व सज्ञान मुलगा हे तिघेही त्या घटकांच्या बाहेर पडतात. घर तेच, माणसे तीच. उत्तर मात्र प्रत्येक वेळी निराळे. या व्याख्यांपैकी कोणतीही एक खरी आणि इतर खोट्या, असे म्हणण्यात अर्थ नाही. जनगणनेला माणसे मोजावयाची आहेत, आयकर खात्याला कर घ्यावयाचा आहे, जमीनसुधारणेला मोठे धारण मोडावयाचे आहे. प्रत्येक व्याख्या आपल्या प्रयोजनाशी प्रामाणिक आहे.

प्रश्न उभा राहतो तो वरील उदाहरणातील बहिणीपाशी. विवाहाच्या नात्याने ती एका कुटुंबात आहे, पण तेथील चूल तिला बंद आहे. चुलीच्या नात्याने ती दुसऱ्या कुटुंबात आहे, पण १९९४ पूर्वी तेथील जमिनीत तिला जन्मसिद्ध हिस्सा नव्हता आणि भावाच्या मर्जीवर तिचे अन्न अवलंबून होते. पतीकडून पोटगी मिळविण्याचा मार्ग फौजदारी प्रक्रिया संहितेत होता. परंतु केंद्रीय कायद्यात १९५५ पासून २००१ पर्यंत पोटगीची कमाल मर्यादा दरमहा ५०० रुपये एवढीच राहिली. शिधापत्रिका कुटुंबाच्या नावे निघत असे आणि कुटुंबाला प्रमुख लागत असे. तो प्रमुख बहुधा पुरुष मानला जाई. १९८० च्या दशकात संगमनेर परिसरात परित्यक्तांचे आंदोलन उभे राहिले. निशा शिवूरकर यांनी ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ या पुस्तकात त्याविषयी लिहिले आहे. स्वतंत्र शिधापत्रिका ही या आंदोलनाची एक मागणी होती. वरवर पाहता ही धान्य आणि रॉकेल यांची मागणी वाटते. वस्तुतः एका स्त्रीची चूल हेही कुटुंब आहे, ही मान्यता तिच्यात मागितलेली होती.

येथे भाषेची साक्ष पुन्हा घ्यावी लागते. ‘परित्यक्ता’ हे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित आहे. टाकणारा कर्ता त्यात गृहीत आहे आणि तो वाक्याबाहेर सुखरूप आहे. पुरुषाच्या अशाच स्थितीसाठी मराठीत रूढ शब्द नाही. अलीकडे ‘एकल स्त्री’ हा शब्दप्रयोग रूढ होत आहे. त्यात तिची ओळख दुसऱ्याच्या कृतीवरून ठरत नाही, म्हणून तो शब्द केवळ सौम्य नाही, अधिक अचूक आहे.

६

गेल्या दोन दशकांतील घडामोडींकडे या दृष्टीने पाहिल्यास एक दिशा जाणवते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने स्त्रीचे संरक्षण मालकीवर न ठेवता ‘सामाईक घरा’त राहण्याच्या वस्तुस्थितीवर ठेवले आणि विवाहसदृश संबंधांचाही त्यात समावेश केला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेपुरती कुटुंबातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री ही कुटुंबप्रमुख ठरविली. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसूतिरजेच्या एका प्रकरणात, एकट्या पालकाचे, पुनर्विवाहातून झालेले, दत्तकावर आधारलेले, तसेच विवाहाविना वा समलिंगी सहजीवनातून झालेले कुटुंब हेही कायद्याच्या संरक्षणास पात्र आहे, असे मत नोंदविले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. परंतु त्यानंतर २०२४ मध्ये केंद्र शासनाने राज्यांना कळविले की, शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील मानावे.

ही शेवटची घटना इतिहासाच्या अभ्यासकाने नोंद घेण्याजोगी आहे. विवाहाच्या मापाने जे कुटुंब ठरत नाही ते चुलीच्या मापाने कुटुंब ठरले. १८६६ मध्ये न्यायालयाने बाजूस सारलेली चूल दीडशे वर्षांनंतर शिधावाटपाच्या मार्गाने कायद्यात परत आली. परित्यक्तांच्या मागणीतही नेमके हेच तत्त्व होते. चुलीचे माप नवे नाही, परकीय तर नाहीच. ते आपल्या बोलीत सदैव होते आणि वारशाच्या मापापेक्षा ते अधिक उदार होते, कारण कोणाच्या पोटी जन्म झाला यापेक्षा कोणाबरोबर जेवतो याला ते महत्त्व देते.

अर्थात चुलीचे माप पुरेसे आहे असे मात्र नाही. चूल अन्न देते, जमीन देत नाही. शिधापत्रिकेवर प्रमुख असलेल्या स्त्रीचे नाव सात-बाराच्या उताऱ्यावर असेलच असे नाही. म्हणून कुटुंबाची कोणतीही व्याख्या वाचताना संशोधकाने दोन प्रश्न विचारले पाहिजेत : ती कोणत्या कामासाठी केली, आणि ते काम झाल्यावर बाहेर कोण उरले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अधिनियमांच्या पहिल्या काही कलमांत सापडते. दुसऱ्याचे उत्तर तलाठ्याच्या दप्तरात, पोटगीच्या अर्जांत आणि शिधावाटप कार्यालयाच्या नामंजूर अर्जांत शोधावे लागते. आपल्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी या साधनांकडे वळावे. ज्या स्त्रीला आपल्या भाषेने ‘कुटुंब’ हे नाव दिले तिला त्या कुटुंबात कोणता वाटा मिळाला, याचा तालुकावार इतिहास लिहिण्यास या साधनांतूनच प्रारंभ होऊ शकेल.